पगाराविना एक वर्ष : रुग्णालय-जहाजावर जाऊ पाहणाऱ्या मुलाच्या आईस उत्तर

आदरणीय बाई,
सप्रेम नमस्कार.

आपले पत्र मिळाले. आपला मुलगा २८ वर्षांचा आहे, मेडिकल इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून तो गेली सहा वर्षे मुंबईतील एका मोठ्या रुग्णालयाच्या बायोमेडिकल (म्हणजे वैद्यकीय यंत्रांची देखभाल करणाऱ्या) विभागात काम करतो, आणि आता त्याला मर्सी शिप्स या ख्रिस्ती संस्थेच्या रुग्णालय-जहाजावर वर्षभर सेवेसाठी जायचे आहे, असे आपण कळवले आहे. तेथे पगार तर नाहीच, उलट राहण्या-जेवण्याचे पैसे आपणच भरायचे, हे ऐकून आपण धास्तावला आहात. वसईतील आपले कुटुंब भाविक असल्यामुळे ‘नको’ म्हणायला जीभ रेटत नाही, पण हातची नोकरी सोडून गेलेल्या मुलाला परतल्यावर कोण उभे करील, हा आपला प्रश्न आहे.

माझे मत आधीच सांगतो. त्याने जावे. मात्र राजीनामा देऊन घाईने जाऊ नये, आणि जाण्यापूर्वी आपण तेथे नेमके काय करणार आहोत हे त्याला स्पष्ट ठाऊक असावे.

पैसे मागितले की आपल्या मनात शंका येते, ती रास्तच आहे. परदेशी नोकरीच्या नावाखाली एजंटांनी लुबाडलेल्या मुलांची पत्रे माझ्याकडे नेहमी येतात. येथे मात्र प्रकार निराळा आहे. १९७८ साली सुरू झालेल्या या संस्थेच्या जहाजांवर शल्यविशारदांपासून स्वयंपाक्यापर्यंत बहुतेक सर्वजण स्वयंसेवक म्हणून येतात आणि प्रवासाचा व राहण्याचा खर्च स्वतः सोसतात किंवा आपल्या धर्मग्रामातून (चर्चच्या स्थानिक समुदायातून), मित्रांकडून उभा करतात. मात्र अर्ज थेट संस्थेकडेच करावा. मध्ये कोणी ‘जागा मिळवून देतो’ म्हणणारा आला, तर त्याला दारातूनच परत पाठवावे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. संस्थेचे ‘ग्लोबल मर्सी’ हे १७४ मीटर लांबीचे जहाज २०२१ मध्ये बांधून पूर्ण झाले, त्यावर सहा शस्त्रक्रियागृहे आहेत, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये ते पश्चिम आफ्रिकेतील सिएरा लिओन या देशाच्या फ्रीटाऊन बंदरात दाखल झाले. १९९१ ते २००२ पर्यंतचे यादवी युद्ध आणि २०१४ ची इबोलाची साथ यांनी त्या देशाची आरोग्यव्यवस्था दोनदा मोडली. मोठ्या गाठी, दुभंगलेले ओठ, हर्निया, भाजल्यामुळे आखडलेले हातपाय अशा शस्त्रक्रिया जहाजावर होतात आणि कौतुक साहजिकच सर्जनचे होते. पण भूल देण्याच्या यंत्राचे कॅलिब्रेशन (मापाची अचूकता) चुकलेले असेल, अवजारे वाफेने निर्जंतुक करणाऱ्या ऑटोक्लेव्हमध्ये दाब धरत नसेल, रक्त व स्राव ओढून घेणारे सक्शन मशीन ऐनवेळी बंद पडत असेल, तर सर्जनला हात बांधून उभे राहावे लागते. आपल्या मुलाचे काम ते हात मोकळे ठेवण्याचे आहे. ‘तो डॉक्टर नाही, मग त्याचा तेथे काय उपयोग?’ असे आपण पत्रात विचारले आहे. त्याचे उत्तर हेच.

याला आणखी एक बाजू आहे, आणि माझ्या मते तीच अधिक महत्त्वाची आहे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत सोळा देशांतील १,१२,००० हून अधिक वैद्यकीय उपकरणांच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा त्यांपैकी सुमारे ३८ टक्के उपकरणे बंद असल्याचे आढळले. प्रशिक्षित माणसांचा अभाव, देखभालीच्या व्यवस्थेचा अभाव आणि बेभरवशाची वीज ही त्यामागची कारणे होती. एक साधे उदाहरण घ्या. अमेरिकेतून दान आलेला ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करून रुग्णाला देणारे यंत्र) ११५ व्होल्टचा असतो आणि सिएरा लिओनमध्ये वीज २३० व्होल्टची आहे. ट्रान्सफॉर्मर न लावता तो कोणी भिंतीतल्या प्लगला जोडला, की क्षणात जळतो. व्होल्टेज जुळले तरी बाहेरचा स्पंजचा फिल्टर महिनोन्‌महिने धुतला गेला नाही, तर कॉम्प्रेसर तापू लागतो आणि दमट हवेने आतील झिओलाइट (हवेतला नायट्रोजन शोषून घेणारे खनिज) खराब होऊन नळीतून येणाऱ्या हवेतला ऑक्सिजन कमी होत जातो. यंत्र चालू दिसते, हिरवा दिवा लागलेला असतो, आणि बाळ मात्र निळे पडत जाते. हे ओळखणारा आणि शेजारच्या माणसाला ओळखायला शिकवणारा तंत्रज्ञ तेथे हवा आहे.

म्हणून त्याने अर्ज करताना स्थानिक तंत्रज्ञांना शिकवण्याची संधी आपल्या पदात कितपत आहे, हे आवर्जून विचारावे. काही वर्षांपूर्वी माझा एक विद्यार्थी परदेशातील एका मिशन रुग्णालयात तीन आठवड्यांसाठी गेला होता. त्याने रात्रंदिवस खपून अकरा यंत्रे चालू केली, पण सुटे भाग कोठून आणायचे आणि कोणता भाग कधी बदलायचा, हे कोणाला दाखवायला त्याला वेळच उरला नाही. वर्षभराने त्यांतील आठ पुन्हा बंद होती. त्याचे दुःख मी पाहिले आहे, आणि त्यामुळेच आपल्या मुलाचा वर्षभर राहण्याचा विचार मला योग्य वाटतो.

आपल्याच महाराष्ट्रात याचा दाखला आहे. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली मिरजेत मिशन रुग्णालय उभारले आणि तीनच वर्षांनी तेथील तरुणांसाठी वैद्यकीय शाळाही काढली. परक्या देशातून आलेल्या माणसाने आपले कौशल्य आपल्यापाशीच ठेवले नाही. मिरजेला आज वैद्यकनगरी म्हणतात, त्याची मुळे तेथवर जातात.

करिअरविषयी आपली भीती निम्मी खरी आहे. नोंदी नसतील, तर परतल्यावर मुलाखतीत हे वर्ष नुसती पोकळी ठरेल. ‘सेवा केली’ एवढ्यावर कोणी नोकरी देत नाही. मात्र कोणती यंत्रे हाताळली, कोणते बिघाड काढले, प्रतिबंधक देखभालीचे वेळापत्रक कसे पाळले, कोणाला काय शिकवले, हे दर आठवड्याला एका वहीत लिहून ठेवले आणि निघताना वरिष्ठांचे सविस्तर पत्र घेतले, तर कंपनीचा सर्व्हिस इंजिनीअर हाताशी नसताना काम निभावलेला माणूस म्हणून त्याची किंमत वाढेल. त्याने आधी रुग्णालयाकडे बिनपगारी रजेचा लेखी अर्ज करावा. रजा नाकारली गेली, तरच राजीनाम्याचा विचार करावा.

घरच्या बाबतीत दोन गोष्टी सांभाळाव्यात. नोकरी सुटली तर त्याने पीएफ काढू नये. पेन्शनसाठी दहा वर्षांची सेवा लागते आणि त्याची सहा वर्षे हिशेबात राहायला हवीत. दुसरे, रुग्णालयाच्या सामूहिक आरोग्य विम्यात आपले नाव असेल, तर नोकरीबरोबर तो विमाही संपेल, म्हणून आपली स्वतंत्र पॉलिसी आधी सुरू करावी. मुलीचे लग्न पुढच्या वर्षावर आले आहे, असे आपण लिहिता. त्यासाठीची बचत आणि जहाजावरचा खर्च यांची खाती वेगळी असू द्यावीत, म्हणजे भावा-बहिणीत कधी किल्मिष येणार नाही.

श्रद्धेविषयी एकच सांगतो. सिएरा लिओनमध्ये बहुसंख्य लोक मुस्लिम आहेत आणि उपचारासाठी आलेला माणूस अगतिक असतो. आपल्या मुलाने स्वतःची प्रार्थना मनोभावे करावी, कोणी विचारले तर आपण का आलो तेही सांगावे, पण रुग्णाच्या अगतिकतेचा आधार घेऊन काही बोलू नये. आपण त्याला जे संस्कार दिलेले दिसतात, त्यावरून हे त्याला सांगावे लागणार नाही, असे वाटते.

निघणे नक्की झाले, की पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी अधिकृत केंद्रातच घ्यावी आणि प्रमाणपत्र पासपोर्टसोबत ठेवावे, कारण तेथून परतताना ते नसेल तर भारतात उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात राहावे लागू शकते. हिवतापाच्या प्रतिबंधक गोळ्यांविषयी डॉक्टरांना त्याच भेटीत विचारावे. रजेच्या अर्जाला रुग्णालयाचे उत्तर आले, की त्याची प्रत मला पाठवावी. पुढचे त्याच्याशी प्रत्यक्ष बोलून ठरवू.

आपला स्नेहांकित,
करिअर मार्गदर्शक