खुर्ची वीतभर सरकव

पोरी,

तुझं पत्र मिळालं. ‘सर, इथलं सगळं रंगवून झालं, आता महिनाभर हिमाचलला जाऊन लँडस्केप करते,’ असं लिहिलंयस. जा की, स्वेटर घेऊन जा. पण तिकीट काढायच्या आधी सेझानचं थोडं ऐक.

चित्रकार पॉल सेझान, जन्म १८३९, दक्षिण फ्रान्समधल्या एक्स गावचा. वडील टोप्यांच्या धंद्यातून पुढे बँकवाले झालेले, त्यांना पोरगा वकील व्हायला हवा होता. पॅरिसचं सालों, म्हणजे तिथलं मोठं अधिकृत प्रदर्शन, वर्षानुवर्षं त्याची चित्रं परत पाठवायचं. पहिलं एकट्याचं प्रदर्शन लागलं १८९५मध्ये, म्हणजे वयाच्या ५६व्या वर्षी. तू तेविशीत कंटाळलीस.

गावाबाहेर सेंत-व्हिक्त्वार नावाचा डोंगर आहे. उंची जेमतेम हजार मीटर. तो त्याने तेलरंगात, जलरंगात किती वेळा काढला असेल! १९०६च्या सप्टेंबरात तो नदीकाठी बसून काम करत होता. तेव्हा मुलाला लिहितो, की जागा न सोडता नुसतं जरा उजवीकडे, जरा डावीकडे झुकलं तरी महिनोन्महिने पुरेल इतकं काम इथे आहे. तोवर त्याचं वय ६७, आणि हे वाक्य तक्रारीचं नाही, आनंदाचं आहे.

स्थिरचित्रांतही तेच. हात इतका सावकाश चालायचा की फुलं कोमेजायची, म्हणून कागदाची फुलं ठेवायचा. फळ मांडताना खाली नाणी सारून ते हवं तेवढं कलतं करायचा, असं त्याला मांडणी करताना पाहिलेल्या एका तरुण चित्रकाराने सांगून ठेवलंय. शिकागोच्या संग्रहालयात त्याची सफरचंदांची टोपली आहे. त्यात टेबलाची पुढची कड बघ. पांढऱ्या कापडाच्या डावीकडे एका उंचीवर, उजवीकडे निघते ती दुसऱ्याच. बाटलीही कललेली. इंटरमीजिएट ड्रॉइंग परीक्षेच्या वस्तुचित्रात मीच तुझे गुण कापले असते, आणि तेव्हा मला ते बरोबरही वाटलं असतं. पण एकाच जागी तासन्‌तास बसलेल्या माणसाची मान हलते, डोळा सरकतो. ते सरकणं त्याने लपवलं नाही.

शेवटही कामातच. ऑक्टोबरात बाहेर रंगवताना वादळात भिजला, कोसळला. धोब्याच्या गाडीतून घरी आणलं, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा बागेत माळ्याचं चित्र करायला हजर. आठवड्याभरात गेला. (हे वाचून पावसात बसू नकोस, तुझी आई मला धरेल.)

तुझ्या खिडकीतून पेरूचं झाड आणि मागची पाण्याची टाकी दिसते ना? त्याची क्वार्टर शीटवर पाच चित्रं कर. दर वेळी खुर्ची वीतभर सरकव, बाकी काही बदलू नकोस. टाकी आणि फांदी यांच्यामधली मोकळी जागा आधी काढ, पानं नंतर. मोबाइलवर फोटो पाठवू नकोस, त्यात रंग कळत नाहीत. कागद घेऊनच ये. शनिवारी दुपारी मी घरीच असतो.

तुझे सर