ऑनलाइन जर्नल क्लबमधून (संशोधनाचे पेपर वाचून त्यावर बोलायचा गट) नर्सना खरंच काही मिळतं का, की नुसते सीएनईचे (नोकरीत असताना घ्यायच्या शिक्षणाचे) तास? कुठला जॉइन करू?

मिळतं. "ते फक्त तास भरायला असतं" असं ज्यांनी तुम्हाला सांगितलंय त्यांनी एकही पेपर शेवटपर्यंत वाचलेला नाही, हे मी लिहून देते. रजिस्ट्रेशन रिन्यूअलचे पाच वर्षांतले १५० तास काय, कॉन्फरन्सला मागच्या रांगेत बसून आलं तरी भरत जातात.

मी ठाण्यात एका प्रायव्हेट हॉस्पिटलच्या आयसीयूत आहे, चौदा वर्षं झाली, राहते कोपरखैरण्याला. आमचा क्लब म्हणजे वेगवेगळ्या हॉस्पिटलच्या आठ नर्स, महिन्यातून एकदा रात्री नऊला झूमवर. डिसेंबर २०२३ मध्ये जामा इंटरनल मेडिसिन या अमेरिकन जर्नलमध्ये एक पेपर आला, पेशंटचे दात रोज ब्रशने घासले तर हॉस्पिटलमध्ये होणारा न्यूमोनिया कमी होतो का, १५ ट्रायल (पेशंटवरच्या चाचण्या) एकत्र करून. जानेवारीत तो मांडायची पाळी माझी. मॉर्निंग करून परत येताना ठाणे-वाशी लोकलमध्ये मोबाइलवर वाचायचे, रिलेटिव्ह रिस्क ०.६७ म्हणजे काय हे कळायलाच आठवडा गेला, म्हणजे जिथे १०० जणांना न्यूमोनिया झाला असता तिथे साधारण ६७ जणांना, शिवाय आयसीयूतले मृत्यू कमी, व्हेंटिलेटरचे दिवस कमी. आणि तीनदा घासून दोनदापेक्षा जास्त फायदा दिसला नाही, हे वाचून तर मला फार बरं वाटलं, एका सिस्टरकडे दोन व्हेंटिलेटर असले की तिसऱ्यांदा करणार कोण?

आम्ही तेव्हा क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकात गॉझ बुडवून तोंड पुसायचो. अमेरिकेतल्या २०२२ च्या गाइडलाइनमध्ये ब्रश करा आणि क्लोरहेक्सिडिन नको असं म्हटलंय, हेही क्लबमध्येच कळलं. मी इनचार्ज मॅडमना प्रिंट नेऊन दिली, त्यांनी ड्रॉवरमध्ये ठेवली. राउंडला विषय काढला तर सर सगळ्यांसमोर म्हणाले, "सिस्टर, पेपर आम्ही वाचतो, तुम्ही माउथ केअर वेळेवर करा." अहो माउथ केअरबद्दलच तर बोलत होते मी! मॅडम म्हणाल्या ब्रश करताना श्वासाची ट्यूब निघाली तर जबाबदार कोण. हा प्रश्न बरोबर होता, आणि उत्तर माझ्याकडे तयार होतं कारण क्लबमध्ये एकीने तोच विचारलेला: दोघी लागतात, एकीने ट्यूब धरायची, लहान मुलांचा मऊ ब्रश घ्यायचा, डोक्याकडून बेड वर, कफ प्रेशर (ट्यूबभोवतीच्या फुग्यातला हवेचा दाब) आधी बघायचं, सक्शन हाताशी. ऐकायला कोणी थांबलंच नाही.

ऑगस्टमध्ये बाहेरून एक सर ट्रेनिंगला आले, त्यांनी हेच स्लाइडवर दाखवलं आणि आठवड्यात ब्रश आले, नोटीस लागली. माझं नाव यायला हवं होतं असं नाही म्हणत मी. पण त्या सात महिन्यांत जे पेशंट ट्यूबवर होते त्यांचं काय?

आणि जर्नल वाचणं हे डॉक्टरांचंच काम असं कोणी म्हटलं तर सांगा, डॉ. विल्यम ऑस्लरनी १८७५ मध्ये मॉन्ट्रियलला मॅकगिलमध्ये क्लब काढला तो एकट्याच्या पगारात जर्नल परवडत नव्हती म्हणून. आपली अडचण तीच आहे. पबमेड या वेबसाइटवर सारांश फुकट दिसतो, पण पूर्ण पेपर बऱ्याचदा कोणाच्यातरी कॉलेजच्या लायब्ररीतूनच मिळतो.

कुठला जॉइन करायचा तर छोटा. दोनशे जण म्यूटवर बसलेले असतात तो वेबिनार झाला, जर्नल क्लब नाही. तुमच्यावर पेपर मांडायची पाळी येत नसेल तर सोडून द्या. तास धरतात का ते आधी विचारा, आमच्या क्लबचे धरत नाहीत, ते मी दुसरीकडून भरते.

एक राहिलं, त्या पेपरमधला फायदा मुख्यतः व्हेंटिलेटरवरच्या पेशंटमध्ये दिसलाय, बाकीच्यांबद्दल एवढं ठाम म्हणता येत नाही, आणि ब्रश केलाय की नाही हे नर्सला दिसतंच त्यामुळे अशा ट्रायल पूर्ण ब्लाइंड (कोणाला काय केलंय हे लपवून) करता येत नाहीत. म्हणून क्लबमध्ये वाचलं आणि दुसऱ्या दिवशी आपल्या मनाने सुरू केलं असं करू नका. वरच्यांना लेखी द्या, तारीख घालून, इनवर्डचा शिक्का घ्या आणि एक कॉपी घरी ठेवा. मी दिलेल्या प्रिंटवर तारीख नव्हती.