भिंत तोडत नाहीत हो, पाडतात

नाशिकरोडचे एक वाचक विचारतात : नाटकाच्या जाहिरातीत ‘चौथी भिंत तोडणारा प्रयोग’ असं छापलं होतं. पहिल्या तीन भिंती कुठल्या, आणि याला आपला शब्द आहे का?

चौथी भिंत म्हणजे नट आणि प्रेक्षक यांच्यामधली मानलेली भिंत. आधी ते ‘तोडणं’. मराठीत फांदी तोडतात, लचका तोडतात, सोयरीक तोडतात. भिंत पाडतात, चोर असेल तर फोडतो. ‘तोडली’ हे सरळ हिंदीतून उचललंय. परवा इथल्याच एका प्रयोगाला नट प्रेक्षकांमधून चालत आला, तर निवेदिका माइकवर म्हणे, ‘चौथी भिंत तोडली!’ अहो, दारातून आला तो.

कल्पना दिदेरो या फ्रेंच लेखकाची. १७५८ साली त्यानं नटांना सांगितलं, रंगमंचाच्या कडेला मोठी भिंत आहे असं समजा, पडदा उघडलाच नाही असं वागा. आमच्या तमाशातल्या सोंगाड्याला हे सांगून बघा!

आपला शब्द म्हणून एक कोशप्रेमी गृहस्थ ‘यवनिका’, म्हणजे संस्कृत नाटकातला पडदा, सुचवतात. साफ चूक. यवनिका नटांच्या मागे असे, पुढे नव्हे. वर शब्दात ‘यवन’ म्हणजे ग्रीक आहे म्हणून पडदा ग्रीकांकडून आला, हा त्यांचा लाडका सिद्धांत. ग्रीकांच्या उघड्या रंगमंचाला दर्शनी पडदाच नव्हता, ते आपल्याला काय देणार?

खरी गंमत ‘जनांतिक’मध्ये आहे, म्हणजे संस्कृत नाटकात समोरच्या पात्राला चुकवून दुसऱ्याशी बोलण्यात. जन अधिक अंतिक. अंतिक म्हणजे जवळ. शाकुंतलाच्या पहिल्याच अंकात सख्या शकुंतलेला जनांतिक म्हणतात, ‘आज बाबा इथं असते तर…’ दुष्यंत समोर उभा, पण त्याला ऐकू जायचं नाही. त्यासाठी त्रिपताक हात : अनामिका मुडपायची, बाकी बोटं ताठ, आणि तळवा आडवा धरायचा. शेवटच्या रांगेतल्या माणसाला सगळं ऐकू येतं, शेजारच्या राजाला काही नाही! म्हणजे भिंत होती, पण पात्रापात्रांत, वीतभर रुंदीची. प्रेक्षक कायम भिंतीच्या अलीकडे, नटाच्या बाजूला. माझं तर मत आहे की शब्दातला ‘जन’ म्हणजे आपणच, खुर्चीतले. पंडित ‘जन’ म्हणजे जवळचं पात्र असं सांगतात, सांगोत. भद्रकालीच्या बाजारात मेथीवाली मावशी शेजारणीपासून तोंडाला हात आडवा धरून ‘तिची कालची आहे हो’ म्हणाली, तेव्हा मला मुडपलेली अनामिकासुद्धा दिसली. गिऱ्हाईक म्हणजे जन, मी अंतिक!

हां, त्या तीन भिंती : मागची एक, आणि दोन बाजूंच्या विंगा.