यंत्रावरचा कामगार आणि मोबाइलवरचे प्रशिक्षण

प्रश्न : बुटीबोरी औद्योगिक वसाहतीतील आमच्या कारखान्यात बहुतेक कामगारांनी संगणक कधी हाताळलेला नाही. सुरक्षेचे प्रशिक्षण संगणकावरच द्यावे, असा व्यवस्थापनाचा आग्रह आहे. काय करावे?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : जो कामगार व्हॉट्सॲपवरून घरी बोलका निरोप पाठवतो, त्याला माऊस धरायला शिकवण्यात वेळ घालवू नये. तुमच्याच यंत्रावर, तुमच्याच अनुभवी फिटरकडून, त्याच्या नेहमीच्या बोलीत दोन-तीन मिनिटांच्या चित्रफिती करून घ्याव्यात आणि एका चित्रफितीत एकच कृती दाखवावी. उदाहरणार्थ, पात्यात अडकलेला तुकडा काढण्यापूर्वी मुख्य स्विच बंद करून त्याला कुलूप कसे लावायचे. हिंदी भाषक सहकाऱ्यांसाठी तेच हिंदीतही करावे. यंत्राजवळ क्यूआर कोड लावला की चित्रफीत जागेवरच उघडते. (हा कोड १९९४ साली जपानमध्ये मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठीच तयार झाला, म्हणजे तो मूळचा कारखान्यातलाच.) मात्र तेलकट हातांनी कागद आठवड्यात काळा पडतो, म्हणून तो लॅमिनेट करून फिरत्या भागांपासून दूर लावावा आणि चालू यंत्रापाशी मोबाइल काढण्यास सक्त मनाई असावी.

ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही, त्यांच्यासाठी एक सामाईक टॅबलेट पुरेल. प्रशिक्षण पाळीच्या वेळेतच द्यावे. कामगाराचा डेटा आणि सुट्टी त्यावर खर्च होऊ नये. "समजले का?" असे विचारल्यास सगळेच मान डोलावतात; त्याऐवजी पर्यवेक्षकाने प्रत्येकाकडून ती कृती बंद यंत्रावर करून घ्यावी आणि मगच नोंद करावी.