शब्द पाठ आहेत, पण वाक्य निसटते

प्रश्न : मी परभणीच्या कृषी विद्यापीठाचा पदवीधर असून मृदाशास्त्रातील पदव्युत्तर शिक्षणासाठी परदेशी जाण्याचा माझा विचार आहे. त्यासाठी जीआरई ही परीक्षा देणार आहे. दहावीपर्यंतचे माझे शिक्षण जिल्हा परिषद प्रशालेत मराठी माध्यमातून झाले. गणिताच्या विभागाची मला चिंता नाही. परंतु इंग्रजीच्या विभागात दोन सराव परीक्षांमध्ये मला १४३ आणि १४४ एवढेच गुण मिळाले. छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्यातून आणलेल्या एका जुन्या पुस्तकावरून मी अकराशे शब्द पाठ केले आहेत. प्रश्नात शब्द ओळखीचे असतात, तरीही उत्तर चुकते. हातात चार महिने आहेत. मी तयारी कशी करावी?
— एक वाचक, परभणी

उत्तर : ‘शब्द ओळखीचे असतात, तरीही उत्तर चुकते’ या आपल्या एका वाक्यात दुखण्याचे निदान आलेले आहे. आपण ज्या परीक्षेची तयारी केलीत, ती परीक्षा आता घेतली जात नाही. ऑगस्ट २०११ पूर्वी या परीक्षेत विरुद्धार्थी शब्द आणि शब्दजोड्यांचे संबंध सुटेसुटे विचारले जात, आणि त्या काळी शब्दांच्या याद्या घोकण्याला काही अर्थ होता. ते दोन्ही प्रकार काढून टाकल्यानंतर आता एकही शब्द वाक्याबाहेर विचारला जात नाही. आपले पुस्तक त्याआधीचे असेल, तर ते बाजूला ठेवावे. सप्टेंबर २०२३ पासून परीक्षा आणखी आटोपशीर झाली आहे. पूर्वी जवळजवळ पावणेचार तास चालणारी ही परीक्षा आता १ तास ५८ मिनिटांत संपते आणि इंग्रजीच्या वाट्याला दोन भाग येतात : पहिल्यात १८ मिनिटांत १२ प्रश्न, दुसऱ्यात २३ मिनिटांत १५ प्रश्न. गुण १३० ते १७० या पट्टीवर दिले जातात, म्हणजे आपले १४४ हे ‘चाळीसपैकी चौदा’ असे वाचायला हवेत. त्यात वाढीला भरपूर वाव आहे, एवढाच त्याचा अर्थ घ्यावा.

परीक्षक नेमके काय तपासतात, हे समजण्यासाठी आपण क्षणभर इंग्रजी बाजूला ठेवू. खालील वाक्यातील रिकामी जागा भरून पाहा :

‘यंदा पाऊस सरासरीइतका पडला असला, तरी तो ........ पडल्यामुळे सोयाबीनचे पीक हातचे गेले.’

पर्याय असे आहेत : भरपूर, अवेळी, मोजका, उपयुक्त, संथ. आपण ‘अवेळी’ हा शब्द निवडायला दोन सेकंदही घेतले नसतील. पण तो का निवडला, हे स्वतःला विचारा. ‘असला, तरी’ या शब्दांनी सांगितले की पहिल्या भागातून जी अपेक्षा निर्माण होते, ती पुढे मोडणार आहे. ‘पडल्यामुळे’ या शब्दाने सांगितले की रिकाम्या जागेत पीक जाण्याचे कारण हवे. आणि ‘सरासरीइतका’ या शब्दाने ‘भरपूर’ व ‘मोजका’ हे दोन्ही पर्याय परस्पर बाद केले. पाचही शब्द ओळखीचे होते, परंतु उत्तर त्या शब्दांनी दिले नाही. ते ‘तरी’ने आणि ‘मुळे’ने दिले. जीआरईमधील रिकाम्या जागा याच पद्धतीने रचलेल्या असतात, आणि हे तर्कशास्त्र मराठी माध्यमात शिकलेल्या माणसाला उपजत येते. फक्त इंग्रजीतील ‘तरी’ आणि ‘मुळे’ त्याच्या डोळ्यांना सहज दिसत नाहीत.

म्हणून पहिले तीन आठवडे नवा शब्द पाठ करू नका. त्याऐवजी वाक्याला वळण देणाऱ्या शब्दांची एक वही करा. ‘ऑल्दो’, ‘डिस्पाइट’, ‘ऑल्बीइट’, ‘नॉटविथस्टँडिंग’ हे ‘जरी–तरी’च्या घराण्यातले आहेत. यांच्यापेक्षा धोकादायक आहेत ते भोळे दिसणारे शब्द. ‘हार्डली’चा ‘हार्ड’शी अर्थाने काही संबंध नाही, तो जवळजवळ ‘नाही’ असे सांगतो. माझ्या एका विद्यार्थिनीच्या वहीत मात्र ‘हार्डली : कष्टाने’ अशी नोंद कितीतरी महिने सुखाने नांदत होती. ‘एनिथिंग बट’ म्हणजे ‘आणखी काहीही म्हणा, पण हे नव्हे’, अर्थात ठाम नकार. ‘फार फ्रॉम’ हाही नकारच. एका वाक्यात असे दोन नकार आले की आपण गोंधळतो. अशा वेळी वाक्य मराठीतून मोठ्याने म्हणून पाहावे.

लांब वाक्यांची अडचण मात्र वेगळी आहे, आणि ती आपल्या भाषेच्या स्वभावातून येते. मराठीत विशेषणे आणि उपवाक्ये आधी येतात आणि क्रियापद शेवटी येऊन वाक्याला कुलूप लावते. इंग्रजी वाक्य कर्ता आणि क्रियापद लवकर देते आणि मग ‘विच’, ‘हूज’, ‘दॅट’ यांच्या शेपट्या जोडत लांबत जाते. कधी तर कर्ता आणि क्रियापद यांच्यामध्येच तीन ओळींचे उपवाक्य बसवते. आपण असे वाक्य मनातल्या मनात उलटे फिरवून मराठी करू पाहतो, आणि शेवटापासून सुरुवातीकडे येईपर्यंत सुरुवात विसरलेली असते. यावर उपाय असा की वाक्य उलटे फिरवायचे नाही. पेन्सिलीने कर्त्याखाली एक रेघ आणि मुख्य क्रियापदाखाली दोन रेघा ओढायच्या, मधल्या उपवाक्याला कंस घालायचा, आणि कंस वगळून वाक्य एकदा वाचायचे. मग कंसातला भाग ‘जो’, ‘जी’, ‘जे’ने सुरू होणारे स्वतंत्र वाक्य म्हणून वाचायचा. रोज अशी दहा वाक्ये, पण एकही दिवस न चुकता. सहा आठवड्यांनी पेन्सिलीची गरज पडत नाही आणि परीक्षेच्या पडद्यावर तर ती नसतेच.

यानंतर शब्दांकडे वळावे, पण ‘या शब्दाचा अर्थ हा’ अशा जोडीने नव्हे. आपल्याकडे न बोलणाऱ्या माणसाला ‘घुम्या’ म्हणतात, ‘अबोल’ म्हणतात आणि ‘मितभाषी’ही म्हणतात. पहिल्यात नापसंती आहे, दुसऱ्यात फक्त वर्णन आहे, तिसऱ्यात आदर आहे. सत्काराच्या भाषणात कुणी पाहुण्याला घुम्या म्हणणार नाही. इंग्रजीतही ‘फ्रूगल’ म्हणजे काटकसरी, तर ‘पार्सिमोनियस’ म्हणजे चिक्कू. यादीत दोन्ही शब्द ‘कमी खर्च करणारा’ या एकाच अर्थाखाली दिसतात आणि परीक्षा नेमकी तिथे पकडते. म्हणून प्रत्येक शब्दापुढे तो ज्या वाक्यात भेटला ते वाक्य, आणि त्यात कौतुक आहे की टीका, हे लिहावे. दिवसाला दहा शब्द पुरेत. रविवारी नवे शब्द घेऊ नयेत, आठवड्याचे साठ उजळावेत.

आपल्या अकराशे शब्दांत कदाचित नसलेला एक वर्ग मुद्दाम सांगतो, कारण तिथे हुशार विद्यार्थी हमखास घसरतात. हे शब्द सोपे असतात आणि दुसऱ्याच अर्थाने येतात. ‘क्वालिफाय’ म्हणजे पात्र ठरणे हे आपल्याला माहीत आहे; परंतु विद्वान जेव्हा स्वतःचे विधान ‘क्वालिफाय’ करतो, तेव्हा तो त्याला मर्यादा घालत असतो. ‘सँक्शन’ म्हणजे मंजुरीही आणि निर्बंधही. ‘अरेस्ट’ म्हणजे थांबवणे, ‘टेम्पर’ म्हणजे सौम्य करणे, ‘फ्लॅग’ म्हणजे गळून जाणे, ‘वॉन्टिंग’ म्हणजे कमी पडणारा. ‘अपॉलॉजिस्ट’ माफी मागत नाही, तो एखाद्या मताची पाठराखण करतो.

प्रश्नांचे प्रकार तीनच आहेत. रिकाम्या जागांच्या प्रश्नांत एक, दोन किंवा तीन जागा असतात. एकच जागा असेल तर पाच पर्याय, अधिक असतील तर प्रत्येक जागेला तीन. आणि सर्व जागा बरोबर भरल्या तरच गुण मिळतो. क्रमाने भरण्याचा हट्ट धरू नका, ज्या जागेभोवती पुरावा जास्त आहे ती आधी भरा. दुसऱ्या प्रकारात एकाच जागेसाठी सहा पर्यायांतून दोन निवडायचे असतात, आणि दोन्ही शब्दांनी वाक्याचा अर्थ सारखाच राहायला हवा. इथे परीक्षक एक समानार्थी जोडी आमिष म्हणून ठेवतात. ती जोडी असते, पण वाक्यात बसत नाही. जोडी शोधून वाक्यात कोंबण्याऐवजी आधी स्वतःचा मराठी शब्द जागेत ठेवावा आणि मग पर्याय पाहावेत.

तिसरा प्रकार उताऱ्यांचा, आणि सुमारे निम्मे प्रश्न त्यावरच असतात. आपण कृषी शाखेचे आहात, म्हणून एक इशारा देतो. उतारा मृदेवर किंवा नत्राच्या चक्रावर आला, तर आनंदून जाऊ नका. आपल्याला जे ठाऊक आहे ते परीक्षकाने विचारलेले नाही. त्याने उताऱ्याच्या लेखकाचे म्हणणे विचारले आहे, आणि ते आपल्या पाठ्यपुस्तकाच्या विरुद्धही असू शकते. बरोबर उत्तरासाठी उताऱ्यातील ओळ बोटाने दाखवता आली पाहिजे. ‘ऑल्वेज’, ‘ओन्ली’ असे टोकाचे शब्द असलेल्या पर्यायाकडे संशयाने पाहावे, कारण अभ्यासू लेखक सहसा इतके टोकाचे बोलत नाही. कलासमीक्षा किंवा इतिहास हे विषय अंगावर येतात, अशी तक्रार विज्ञान शाखेचे विद्यार्थी नेहमी करतात. त्यांनी रोज एक असा इंग्रजी लेख वाचावा, जो त्यांनी एरवी चाळलाही नसता, आणि वाचून झाल्यावर दोन मराठी वाक्यांत लिहावे : लेखकाचे म्हणणे काय आहे, आणि तो कोणाचे म्हणणे खोडून काढतो आहे. दुसरे वाक्य लिहिता आले नाही, तर लेख समजलेला नाही.

आता वेळेविषयी. पहिल्या भागात प्रत्येक प्रश्नाला सरासरी दीड मिनिट मिळते. रिकाम्या जागांना एक मिनिटाहून कमी वेळ दिला, तरच उताऱ्यांसाठी वेळ उरतो. एका भागाच्या आत मागे जाऊन उत्तर बदलता येते. पहिल्या भागातील कामगिरीवर दुसऱ्या भागाची काठिण्यपातळी ठरते, म्हणून पहिल्या बारा प्रश्नांत घाई महागात पडते. या परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. आपल्या मराठवाड्यातील मुलांना हे पुन्हा पुन्हा सांगावे लागते, कारण लातूरच्या शिकवण्यांमध्ये ‘नीट’साठी दोन वर्षे घासलेल्या हाताला शंका आली की प्रश्न सोडून देण्याचे वळण लागलेले असते. तिथे तो शहाणपणा होता; इथे रिकामा सोडलेला प्रश्न म्हणजे निव्वळ नुकसान.

निबंध एकच आहे, अर्ध्या तासाचा, आणि त्याचे गुण ० ते ६ अशा वेगळ्या पट्टीवर मिळतात. सर्व संभाव्य विषय परीक्षा घेणाऱ्या ईटीएस या संस्थेने संकेतस्थळावर जाहीर केलेले आहेत. उदाहरणे मात्र परदेशी पुस्तकांतून उसनी घेऊ नका. २०१६ साली मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, हे उदाहरण शासन, नियोजन, तंत्रज्ञान अशा अनेक विषयांना पुरून उरते आणि आपण ते आतून लिहू शकता.

प्रश्न : माझ्या मुलीला याच परीक्षेसाठी पुण्याला क्लास लावून द्यावा, असे नातेवाईक सुचवतात. नांदेडला राहून तयारी होणार नाही का?
— एक पालक, नांदेड

उत्तर : इंग्रजीच्या विभागासाठी तरी पुण्याला खोली घेऊन राहण्याची गरज मला वाटत नाही. क्लास वेळापत्रक देतो आणि बरोबरीची मुले देतो, हे खरे. परंतु रोजचे वाचन दुसऱ्या कोणाला आपल्यासाठी करता येत नाही. ईटीएसच्या दोन पूर्ण सराव परीक्षा संगणकावर विनामूल्य मिळतात. पहिली आताच द्यायला लावा, म्हणजे कुठे उभे आहोत ते कळेल. दुसरी प्रत्यक्ष परीक्षेच्या दोन-तीन आठवडे आधीपर्यंत उघडू देऊ नका. मुलीला वेळ पाळता येत नसेल किंवा घरात शांतता नसेल, तर गोष्ट वेगळी. आणि पहिल्या प्रयत्नाला प्रतिष्ठेचा प्रश्न करू नये : २१ दिवसांच्या अंतराने पुन्हा बसता येते, बारा महिन्यांत पाच वेळा, आणि कोणत्या प्रयत्नाचे गुण विद्यापीठाला पाठवायचे हे परीक्षार्थीच ठरवतो.

प्रश्न : ही परीक्षा घरून देता येते असे ऐकले. अंबाजोगाईहून दूरच्या केंद्रावर जाण्यापेक्षा ते बरे नाही का?
— एक विद्यार्थिनी, अंबाजोगाई

उत्तर : देता येते, प्रश्न आणि गुणपद्धती तीच असते. खोलीत आपल्याशिवाय कोणीही असता कामा नये, निरीक्षक कॅमेऱ्यातून पाहत असतो, आणि कच्च्या कामासाठी साधा कागद चालत नाही, पुसता येणारा लहान पांढरा फलक चालतो. हे सर्व जमेल; परंतु उताऱ्याच्या मध्यावर वीज गेली किंवा जाळे तुटले तर जो जीव खालीवर होतो, त्याची भरपाई पुढच्या प्रश्नांत होत नाही. इन्व्हर्टर आणि दुसरी इंटरनेट जोडणी यांची खात्री नसेल, तर पुणे किंवा हैदराबाद येथील केंद्र घ्यावे आणि आदल्या दिवशी दुपारपर्यंत तिथे पोहोचावे. नोंदणी करताना एक काळजी घ्या. आपल्या गुणपत्रिकांवर आडनाव आधी आणि वडिलांचे नाव शेवटी असते, तर पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा असतो. परीक्षेच्या दिवशी जे ओळखपत्र दाखवणार, त्यावर नाव ज्या क्रमाने आणि ज्या अक्षरांत छापलेले आहे, तसेच ते नोंदणीत भरावे. दोहोंत फरक असेल, तर तो केंद्राच्या दारात नव्हे, आजच दुरुस्त करून घ्यावा.