गिळायचं की सोडायचं?

प्रश्न : डॉक्टर, माझ्या आईचं हिमोग्लोबिन दोन आठवड्यांत अकरावरून सातवर आलं. रिपोर्टमध्ये ‘स्फेरोसाइट्स’ आणि ‘डायरेक्ट कूम्ब्स पॉझिटिव्ह’ असं आहे. तिथले डॉक्टर घाईत म्हणाले, ‘शरीरच रक्त खातंय.’ आई तेव्हापासून तेच वाक्य धरून बसली आहे. आपल्याच पेशी आपलं रक्त कसं खातील? आणि खायचंच असेल तर सगळं का खात नाहीत?

उत्तर : आईंना आधी एवढं सांगा, की शरीर रक्त खातंच. तुमचं, माझं, सगळ्यांचं. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते आणि मग प्लीहेतल्या नाहीतर यकृतातल्या मॅक्रोफेज पेशी तिला गिळतात. दर सेकंदाला वीसेक लाख पेशींचा असा निकाल लागतो. त्यातून रोज वीस-पंचवीस मिलिग्रॅम लोह सुटतं आणि तेच नव्या पेशींना लागतं. अन्नातून अंगी लागणारं लोह जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम. तेव्हा हे खाणं बंद पडलं तर पंचाईतच.

तुमचा शेवटचा प्रश्न मात्र मला फार आवडला. सगळं का खात नाहीत?

प्लीहेत रक्त सावकाश झिरपतं. वाटेत मॅक्रोफेज बसलेल्या असतात आणि येणारी-जाणारी प्रत्येक पेशी त्यांना घासून जाते. मॅक्रोफेजला डोळे नाहीत. तिला कळतं ते स्पर्शाने, म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावर काय आहे आणि काय नाही यावरून. तांबड्या पेशीवर सीडी४७ नावाचं प्रथिन असतं. ते मॅक्रोफेजवरच्या सर्प-अल्फा या ग्राहीला, म्हणजे खुणा टिपणाऱ्या प्रथिनाला, भिडतं. (नाव सापाचं वाटतं खरं, पण हा चावू देत नाही, चावा थांबवतो.) भिडल्याबरोबर सर्प-अल्फाची आतली शेपटी काही एन्झाइम जवळ ओढते आणि ती एन्झाइम गिळण्याची तयारी मोडून टाकतात. पेशीभोवती तोंड आवळायला मॅक्रोफेजला मायोसिन लागतं, स्नायू ज्या प्रथिनामुळे आकसतात तेच. ते त्या जागी जमतच नाही. पेशी पुढे सटकते.

२०००मध्ये उंदरांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. सीडी४७ नसलेल्या उंदराच्या तांबड्या पेशी साध्या उंदराला दिल्या, तर एरवी काही आठवडे टिकणाऱ्या त्या पेशी दिवसाभरात प्लीहेत गडप झाल्या. मला त्यातला दुसरा भाग जास्त विचार करायला लावतो. ज्या उंदराकडे जन्मापासून सीडी४७ नाही, त्याचं स्वतःचं रक्त व्यवस्थित असतं. त्याच्या मॅक्रोफेज लहानपणापासून त्या खुणेवाचून वाढलेल्या, त्यामुळे खूण दिसली नाही म्हणून त्या बिथरत नाहीत. ‘सीडी४७ म्हणजे ओळखपत्र’ असं सगळीकडे छापतात ते म्हणूनच मला अर्धवट वाटतं. नुसतं ओळखपत्र असतं तर हे उंदीर जगलेच नसते.

आता ‘खा’ म्हणणाऱ्या खुणा. फॉस्फॅटिडिलसेरिन हा स्निग्ध पदार्थ पेशीपटलाच्या आतल्या पदरात असतो. बाहेर आला की फ्लिपेज नावाचं एन्झाइम त्याला पुन्हा आत ढकलतं. पेशी थकली की हे काम ढिलं पडतं, पदार्थ बाहेर राहतो आणि मॅक्रोफेजला तो लगेच जाणवतो. दुसरी खूण प्रतिपिंडांची, म्हणजे प्रतिकारसंस्थेने बनवलेल्या अँटीबॉडीजची. प्रतिपिंड एका टोकाने पेशीला चिकटतं आणि दुसरं टोक मॅक्रोफेजच्या हाती लागतं. मॅक्रोफेज या दोन्ही बाजूंची बेरीज-वजाबाकी करते. आपलं-परकं हा भेद तिच्या लेखी नाहीच. अंगावर ‘खा’ किती आणि ‘नको’ किती, एवढंच.

तुमच्या आईंच्या बाबतीत रिपोर्ट जे सांगतोय ते असं : त्यांच्याच प्रतिकारसंस्थेने त्यांच्या तांबड्या पेशींविरुद्ध प्रतिपिंडं तयार केली आहेत. कूम्ब्स चाचणीत तेच शोधतात. रुग्णाच्या पेशी धुऊन त्यांत मानवी प्रतिपिंडांना पकडणारं द्रव्य घालायचं. पेशींवर आधीच प्रतिपिंडं बसलेली असली तर पेशींच्या गुठळ्या होतात. १९४५पासूनची चाचणी आहे, अजून तितकीच कामाची. सीडी४७ जागेवर असतं, ‘नको नको’ म्हणत असतं, पण ‘खा’चं पारडं जड झालेलं असतं.

आणि तरीही मॅक्रोफेज पुष्कळदा अख्खी पेशी गिळत नाही. हे मी तीस वर्षं सूक्ष्मदर्शकाखाली पाहत आले आहे. ती प्रतिपिंड चिकटलेला पटलाचा तुकडा तेवढा चावून घेते आणि बाकीची पेशी सोडून देते. आतला ऐवज जवळजवळ तेवढाच आणि वरचं कातडं कमी, मग पेशी गोल होण्यावाचून काय करणार? निरोगी तांबडी पेशी स्लाइडवर मधे फिकट दिसते, दोन्ही बाजूंनी दाबलेल्या गोळीसारखी. स्फेरोसाइट लहान, गच्च रंगाची, मधला फिकट ठिपका गायब. प्लीहेतल्या ज्या फटींतून बाहेर पडायचं त्या मायक्रॉनभर रुंद. सात-आठ मायक्रॉनची लवचीक पेशी त्यातून घडी घालून निघते, हा गोळा निघत नाही. तो तिथेच अडकतो आणि पुढच्या खेपेला पुरता गिळला जातो.

शिकत होते तेव्हा अशीच एक स्लाइड पाहून मी मोठ्या आत्मविश्वासाने ‘आनुवंशिक स्फेरोसायटोसिस’ लिहून मोकळी झाले होते. त्या आजारातही हुबेहूब असेच गोळे दिसतात. वरिष्ठांनी रिपोर्ट माझ्यासमोर ठेवला आणि एवढंच विचारलं, ‘कूम्ब्स कुठाय?’ चाचणी केली, पॉझिटिव्ह आली. तेव्हापासून कूम्ब्स पाहिल्याशिवाय त्या गोळ्यांना मी नाव देत नाही.

आईंना बहुधा स्टिरॉइड सुरू केलं असेल. त्याने मॅक्रोफेजची भूक आधी मंदावते आणि प्रतिपिंडं कमी व्हायला त्यामागून वेळ लागतो. बरं वाटलं म्हणून गोळ्या मनाने बंद करू देऊ नका. धाप लागली, छातीत दुखलं किंवा लघवी गडद झाली तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका, त्याच दिवशी दाखवा.

प्रश्न : कर्करोगाच्या पेशी हीच खूण वापरून लपतात आणि ती झाकणारं औषध आलं आहे, असं वाचलं. मग ते सर्रास का देत नाहीत?

उत्तर : लपतात हे खरं. रक्ताच्या काही कर्करोगांत पेशींवर सीडी४७ नेहमीपेक्षा जास्त सापडतं. अडचण उघड आहे : ती खूण तांबड्या पेशींवरही आहे. सीडी४७ झाकणारं मॅग्रोलिमॅब हे औषध दिल्यावर म्हाताऱ्या तांबड्या पेशी भराभर गिळल्या जात आणि हिमोग्लोबिन घसरे. म्हणून पहिला डोस मुद्दाम छोटा ठेवत. जुन्या पेशी आधी जाऊ द्यायच्या, नव्या येऊ द्यायच्या. शिवाय औषध प्रत्येक तांबड्या पेशीला चिकटल्यामुळे रक्तपेढीत क्रॉसमॅच, म्हणजे दात्याचं रक्त रुग्णाला जुळतं का ही चाचणी, करणाऱ्यांच्या डोक्याला ताप. एवढं करूनही रक्ताच्या कर्करोगांतल्या मोठ्या चाचण्यांत अपेक्षित फायदा दिसला नाही आणि २०२३-२४मध्ये त्या थांबवल्या. ‘नको’ पुसलं तरी ‘खा’ म्हणणारं काहीतरी लागतंच, त्यामुळे मला फारसं आश्चर्य वाटलं नाही. याच वाटेवरची इतर औषधं अजून तपासली जात आहेत.

प्रश्न : अपघातानंतर माझी प्लीहा काढली. आता जुनं रक्त कोण साफ करतं? रिपोर्टमध्ये ‘हॉवेल-जॉली बॉडीज’ असं आलंय, घाबरायचं का?

उत्तर : यकृतातल्या मॅक्रोफेज करतात, चोख करतात. हॉवेल-जॉली बॉडीज म्हणजे तांबड्या पेशीत राहून गेलेले केंद्रकाचे कण. प्लीहा असती तर पेशी न मारता तेवढा कण तिने अलगद काढून घेतला असता. यकृताला ही कलाकुसर जमत नाही, म्हणून ते गोल, जांभळे ठिपके तुमच्या स्लाइडवर कायम दिसतील. त्यांना घाबरू नका. प्लीहा नसली की जंतुसंसर्ग लवकर बळावतो, म्हणून न्यूमोकोकस या न्यूमोनियाच्या जंतूवरची लस घेतली नसेल तर मात्र या आठवड्यात डॉक्टरांना विचारा, आणि ताप आला तर अंगावर काढू नका.