काचेसारखा गोबी: आधी घर बघा, मग मासा

बालीच्या तुलांबेनला, लिबर्टी या बुडालेल्या जहाजाच्या सांगाड्याजवळ १८ मीटर खोलीवर दगडी प्रवाळावर बसलेला हा दोन सेंटीमीटरचा पारदर्शक मासा कोणता, असं तुम्ही फोटो टाकून विचारलंय. त्यावर दोघांनी 'व्हिप कोरल गोबी' असं ठोकूनही दिलंय (गोबी म्हणजे छोट्या माशांचं एक मोठं कुळ). मला ते पटत नाही. माझ्या मते हा प्लुरोसिकिया या दुसऱ्या गोबी-गटातला, आणि त्यातही प्लुरोसिकिया मिचेली ही जात असावी.

त्या दोघांना दोष देत नाही. पहिली दोन वर्षं मीही आरपार दिसणाऱ्या प्रत्येक गोबीच्या फोटोवर तेच नाव लिहीत होतो. एका सहलीत तर एकाच माशाचे साठेक फोटो काढले, सगळे डोळ्यावर फोकस करून. घरी येऊन बघतो तर मासा कशावर बसलाय तेच एकाही फोटोत नाही! या मंडळींच्या बाबतीत अर्धी ओळख पत्त्यातच असते, आणि मी नेमका पत्ताच कापून टाकला होता.

व्हिप कोरल गोबी, म्हणजे ब्रायनिनॉप्स योंगेई, राहतो सिरिपॅथीसवर. हे एकच लांब, फांद्या नसलेलं, तारेसारखं प्रवाळ. एका तारेवर बहुधा नर-मादीची एक जोडी असते. अंडी घालायची वेळ आली की ते तारेच्या एका पट्ट्यावरचं प्रवाळाचं जिवंत मांस काढून टाकतात आणि उघड्या पडलेल्या सांगाड्यावर अंडी चिकटवतात. भाड्याच्या घराचं प्लास्टर खरवडून पाळणा टांगावा, तसं. असा मासा दगडी प्रवाळाच्या गोट्यावर संसार थाटत नाही.

आता तुमच्या फोटोकडे. तोंड लांबट, चपटं, थोडं बदकाच्या चोचीसारखं आहे. डोळ्यापासून नाकाच्या टोकापर्यंत लालसर रेघ गेलीय. प्लुरोसिकियाचा चेहरा असाच असतो. ब्रायनिनॉप्सचं तोंड त्यामानाने आखूड. शिवाय अंगाच्या खालच्या अर्ध्यात लालसर तपकिरी पट्टा आहे आणि कातडीच्या आत, कण्याच्या रेषेत, पांढऱ्या तुटक रेघा दिसतात. त्यात पत्ता दगडी प्रवाळाचा. या तिन्हींची बेरीज मिचेलीकडे जाते. याचाच भाऊ प्लुरोसिकिया मोझांबिका मऊ प्रवाळ, स्पंज, मोठे शिंपले, मिळेल तिथे बिऱ्हाड करतो आणि रंगही घराप्रमाणे बदलतो, त्यामुळे त्याला एकदम बाद करू नका. पण कण्यावरच्या रेघा आणि तो पट्टा मला मिचेलीचेच वाटतात.

कुणी एविओटा, म्हणजे पिटुकल्या गोबींचा आणखी एक गट, असंही म्हणेल. एविओटाचे पोटाखालचे पर सुटे असतात, तर प्लुरोसिकियाचे जुळून वाटीसारखे झालेले असतात. त्या वाटीने तो प्रवाळाला चिकटतो. (आपल्या खाडीतले निवटे याच गोतावळ्यातले. त्यांचेही पोटाखालचे पर असेच जवळ आलेले असतात.) आणि अक्रोपोरा या फांद्यांच्या दगडी प्रवाळावर जांभळट-गुलाबी डोळ्यांच्या माशांचा घोळका तरंगताना दिसला तर तो ब्रायनिनॉप्स नाटान्स. तो बसत नाही, पाण्यात लटकतो. एवढ्यावरून तो लांबूनही कळतो.

एविओटावरून आठवलं, त्यातल्या एविओटा सिजिलाटा नावाच्या पिटुकल्याचं अख्खं आयुष्य जास्तीत जास्त ५९ दिवसांचं नोंदवलं गेलंय. म्हणून पुढच्या हंगामात तोच मासा भेटेल अशी आशा त्याच्याकडून धरू नका.

पुढच्या वेळी आधी दोन हात लांबून प्रवाळासकट एक फोटो काढा, मग हळूहळू जवळ जा. बाजूने एक पूर्ण फोटो हवाच. समोरून काढलेला गोड फोटो ओळखीच्या कामाचा नसतो. मासा फिरावा म्हणून काडीने डिवचू नका. गाईडने डिवचला तर त्यालाही थांबवा, टीप कमी झाली तरी चालेल. मासा पळून दूर जात नाही, पलीकडच्या बाजूला सरकतो आणि बहुतेकदा मिनिटभरात परत येतो.

तुमच्याकडची मूळ, न कापलेली फ्रेम असेल तर टाका. लाल पट्टा शेपटीच्या खालच्या अर्ध्यापर्यंत गेलेला दिसला, तर मी 'असावी' खोडून 'आहे' लिहीन.